शिफ्टचा तक्ता उभा केला की तासांचा हिशोब लागतो

मी सांगलीत एका सिक्युरिटी एजन्सीच्या ऑफिसात हजेरी आणि पगाराचं काम बघते. आमची माणसं कुपवाड एमआयडीसीतल्या कंपन्या, मिरजेतले दवाखाने, तासगावकडची बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं अशी विखुरलेली, प्रत्येक साईटची शिफ्ट वेगळी, कुठं आठ तास, कुठं बारा, कुणाचा वीकली ऑफ रविवारी तर कुणाचा मंगळवारी. आणि महिना संपला की सगळ्यांचा प्रश्न एकच, माझे तास किती भरले. आमच्या लाईनमधले बरेच जण, कुणी हॉस्पिटलात नर्सिंगच्या ड्युट्या लावणारं, कुणी कारखान्याच्या टाईम ऑफिसात बसणारं, मला विचारत असतात की तुझं शीट एवढ्या लवकर कसं निघतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते. जरा लांबेल, पण मधलं काही सोडलं की पुढं अडकायला होतं.

शिफ्टचा तक्ता सगळीकडं एकाच साच्यातला असतो. डावीकडं नावं, वर सोम ते रवि, आणि मधल्या चौकोनांत 7-3, 3-11, 11-7 नाहीतर ऑफ. तो भिंतीवर लावायला केलेला असतो. गार्ड केबिनमध्ये येतो, आपल्या नावावर बोट ठेवतो, बोट सरकवत आजच्या वारापर्यंत नेतो आणि त्याला कळतं की आज सेकंड आहे, रिलीव्हर, म्हणजे आपल्यानंतर ड्युटी घेणारा, अमुक आहे, झालं काम. त्या कामाला हा तक्ता एक नंबर आहे, तो बदलायचा नाही, भिंतीवर तोच राहू दे. पण त्याच तक्त्याला विचारा की ऑक्टोबरात ह्या माणसाचे किती तास झाले, तर त्याला सांगता येत नाही, कारण त्यात ऑक्टोबर कुठंच नाही, नुसते वार आहेत. स्टँडवरच्या बोर्डावर जतची गाडी रोज कितीला सुटते ते लिहिलेलं असतं, पण त्या बोर्डावरून ह्या महिन्यात गाडी किती किलोमीटर पळाली ते निघत नाही, त्याला कंडक्टरचा रोजचा हिशोबच लागतो, तसंच हे. तक्ता म्हणजे ठरलेलं, आणि तास निघतात ते झालेल्यातून.

आता बरेच जण काय करतात, आठवड्याचे तास काढतात आणि चारनं गुणतात. उदाहरणाला ऑक्टोबर 2025 घेते. एक माणूस सोमवार ते शुक्रवार 7 ते 3 म्हणजे आठ तास, शनिवारी 7 ते 1 म्हणजे सहा तास, रविवार सुट्टी. आठवड्याचे झाले 46. गुणिले चार, 184. पण ऑक्टोबर 31 दिवसांचा, 1 तारखेला बुधवार, म्हणजे बुध, गुरु, शुक्र हे तीन वार पाच-पाच वेळा आले आणि बाकीचे चार-चार वेळा. खरा हिशोब केला तर सोम ते शुक्र मिळून 23 दिवस गुणिले आठ म्हणजे 184, आणि चार शनिवारांचे 24, एकूण 208. चारनं गुणल्यावर त्या माणसाचे 24 तास गेले, आख्खे तीन दिवस. काही जण जरा पुढं जाऊन 52 आठवडे भागिले 12 महिने असं सरासरीनं करतात, त्यात 199.33 येतं, तेही त्या महिन्याचं नाहीच. वर्षाचं बजेट काढायला सरासरी ठीक आहे, कोटेशन द्यायला ठीक आहे, पण माणसाचा पगार सरासरीवर काढायचा नसतो असं माझं ठाम मत आहे, त्यानं बुधवारी पाचव्यांदा उभं राहून ड्युटी केलेली असते.

म्हणून पहिलं काम, आडवा तक्ता उभा करायचा. उभा म्हणजे काय, तर एका ओळीत एक माणूस, एक तारीख, एक ड्युटी. बस. सात वारांचे सात कॉलम जाऊन तिथं दोनच कॉलम येतात, एक दिवसाचा आणि एक शिफ्टचा. दहा माणसांचा आठवड्याचा तक्ता असेल तर दहा ओळींच्या सत्तर ओळी होतात, आणि हे बघून लोक घाबरतात की केवढं वाढलं. वाढू दे. एक्सेलच्या एका शीटला दहा लाखांवर ओळी बसतात, साठ माणसांचं आख्खं वर्ष रोज एक ड्युटी धरून 21,900 ओळींत मावतं. आपल्याला त्या ओळी डोळ्यानं वाचायच्या नाहीत, बेरीज करायची आहे, आणि बेरजेला उभा कॉलमच लागतो.

पण उभं करायच्या आधी चौकोनात काय लिहिलंय ते सुधारावं लागतं. एक्सेलमध्ये 7-3 असं टाईप करून एंटर मारा, तिथं 7 मार्च येतं. 3-11 टाकलं की 3 नोव्हेंबर, 11-7 टाकलं की 11 जुलै, बारा तासांवाल्यांचं 8-8 टाकलं की 8 ऑगस्ट. एक्सेलला ती तारीख वाटते, आणि एकदा तारीख झाली की आत आकडाच वेगळा बसतो, मग नुसता फॉरमॅट टेक्स्ट केला तर 46 हजारांच्या आसपासचा एक अनोळखी आकडा दिसायला लागतो. घाबरायचं कारण नाही, एक्सेल तारखा अशाच ठेवतं, 1 जानेवारी 1900 ला 1 धरून पुढं मोजत आलेला तो दिवसांचा आकडा असतो. कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवला तर हे टळतं, पण तरी 3-11 म्हणजे दुपारचे 3 की पहाटेचे, आणि 8-8 म्हणजे दिवसाची ड्युटी की रात्रीची हे त्या चौकोनाला कळत नाही, ते फक्त आपल्याला माहीत असतं. म्हणून मी चौकोनात वेळ लिहीतच नाही, कोड लिहिते. फ म्हणजे फर्स्ट, से म्हणजे सेकंड, ना म्हणजे नाईट, बादि म्हणजे बारा तास दिवस, बारा म्हणजे बारा तास रात्र, ऑ म्हणजे ऑफ.

आणि त्या कोडांचं एक वेगळं छोटं टेबल, त्याला आम्ही ऑफिसात शिफ्ट मास्टर म्हणतो. कोड, सुरू, शेवट, ब्रेक, तास. एवढंच. ह्याचा फायदा असा की उद्या एखाद्या कंपनीनं फर्स्ट शिफ्ट 7 ऐवजी 6.30 ला सुरू केली तर तक्त्याला हात लावायचा नाही, मास्टरमध्ये त्या साईटचा नवा कोड टाकायचा आणि पुढच्या ड्युट्यांना तो लावायचा. जुना कोड पुसायचा नाही, कारण मागच्या महिन्याच्या ओळी अजून त्याच्यावर उभ्या आहेत. ब्रेकचा कॉलम वेगळा ठेवा हे मी सगळ्यांना आग्रहानं सांगते. अर्धा तास जेवणाचा पगारी आहे की वजा होणार आहे हे साईटगणिक बदलतं, आणि तो जर तासांतच आधी मिसळून टाकला तर चार महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही की हे साडेसात कुठून आले.

ऑफचंही तसंच. लोक सुट्टीचा चौकोन रिकामा सोडतात. रिकामा म्हणजे सुट्टी होती, का भरायचा राहिला, का माणूस आलाच नाही, तीन वेगळ्या गोष्टी आणि तिन्ही सारख्याच दिसतात. शिवाय उभं करायचं जे टूल आहे ते रिकाम्या चौकोनाची ओळच करत नाही, सरळ गाळून टाकतं. म्हणून ऑ लिहायचाच.

टूल म्हणजे पॉवर क्वेरी. एक्सेल 2016 पासून ते आतच येतं, डेटा टॅबमध्ये. तक्त्याचं टेबल करायचं, पॉवर क्वेरीत उघडायचं, प्रत्येक माणसाला दिलेला कोड आणि नाव ह्यांचे कॉलम सिलेक्ट करून राईट क्लिक, अनपिव्होट अदर कॉलम्स. अदर निवडायचं, कारण मग पुढं वारांऐवजी तारखांचे 31 कॉलम आले तरी नवीन कॉलम आपोआप त्यात घुसतात, पुन्हा काही करावं लागत नाही. साईटचं नाव जर मर्ज केलेल्या मोठ्या चौकोनात असेल तर पहिल्याच ओळीला नाव राहतं आणि खालच्या ओळी रिकाम्या होतात, त्याला आधी फिल डाऊन करून घ्यायचं. आणि ट्रिम मारायचं, कारण फ आणि फ-पुढं-एक-स्पेस हे दोन वेगळे कोड धरले जातात आणि मास्टरशी जुळत नाहीत, मग तास रिकामे येतात आणि माणूस शोधत बसतो. ज्यांच्याकडं जुनं एक्सेल आहे त्यांनी गूगल शीट वापरावं, तिथं फ्लॅटन नावाचं फंक्शन आहे, त्यानंही होतं.

काउंटइफ, म्हणजे एक्सेलचं मोजायचं फंक्शन, वापरणाऱ्यांचंही सांगते. काही जण उभं न करताच प्रत्येक ओळीत फ किती, से किती असं मोजून आठनं गुणतात. छोट्या दुकानाला, जिथं पाच माणसं आणि दोन शिफ्ट आहेत, तिथं खुशाल करा, काही बिघडत नाही. पण महिन्याच्या मधी माणसाची साईट बदलली, किंवा एकाच दिवशी दोन ड्युट्या, म्हणजे डबल, झाल्या, की एका चौकोनात दोन गोष्टी लिहायची वेळ येते, फ+से असं काहीतरी, आणि तिथं काउंटइफ संपतं. उभ्या टेबलात दोन ड्युट्या म्हणजे दोन ओळी, कसलीच अडचण नाही.

आता महत्त्वाचं, रिपीट होणारं वेळापत्रक. आमच्याकडं आठवड्याचा पॅटर्न एकदा ठरला की तोच महिनोन्महिने चालतो, म्हणून दर आठवड्याला तक्ता पुन्हा भरण्यात अर्थ नाही. पॅटर्नचं एक टेबल करते, त्यात माणसाचा कोड, वार, शिफ्ट, पासून आणि पर्यंत. हे पासून-पर्यंतचे दोन कॉलम नसतील तर सगळं मुसळ केरात. कारण 15 तारखेला माणसाची शिफ्ट बदलते, आणि पॅटर्नमध्ये जुन्यावर नवीन टाईप केलं की महिन्याचे पहिले चौदा दिवससुद्धा नव्या शिफ्टनं मोजले जातात. म्हणून जुनी ओळ 14 ला बंद करायची, 15 पासून नवी ओळ उघडायची. पर्यंत रिकामं म्हणजे अजून चालू आहे.

दुसरं टेबल नुसत्या तारखांचं. वर्षाच्या सगळ्या तारखा एकाखाली एक आणि शेजारी वाराचा नंबर, सोमवार 1 ते रविवार 7, वीकडे फंक्शननं काढलेला. वाराची नावं वापरू नका, कुणी गुरु लिहितं, कुणी गुरू, आणि जुळणी तिथंच फसते. मग पॅटर्न आणि तारखा वाराच्या नंबरवर जोडायच्या, आणि ज्या ओळीत तारीख पासून-पर्यंतच्या मधी बसत नाही त्या गाळायच्या. झाल्या ऑक्टोबरच्या ड्युट्या तयार. बुधवार पाच वेळा आला तर पाच ओळी आपोआप पडतात, चारनं गुणायचा विषयच उरत नाही.

फिरत्या शिफ्टवाल्यांना वार पुरत नाही. आठवडा फर्स्ट, आठवडा सेकंड, आठवडा नाईट असं तीन आठवड्यांचं चक्र असेल तर 21 दिवसांनी तेच परत येतं. तिथं एक सुरुवातीची तारीख धरायची, चक्राचा पहिला सोमवार, समजा 6 ऑक्टोबर 2025, आणि प्रत्येक तारखेतून ती वजा करून 21 नं भागून बाकी घ्यायची, मॉड फंक्शननं. 29 ऑक्टोबर वजा 6 ऑक्टोबर म्हणजे 23, 21 नं भागून बाकी 2. बाकी 0 ते 6 पहिला आठवडा, 7 ते 13 दुसरा, 14 ते 20 तिसरा. म्हणजे 29 ला चक्र परत पहिल्या आठवड्यात, तिसऱ्या दिवसावर, बुधवार, फर्स्ट शिफ्ट. कॅलेंडर उघडून बघा, जुळतं. तिन्ही बॅचना तीच पद्धत, फक्त प्रत्येकीची सुरुवातीची तारीख आठवड्यानं पुढं.

नाईटचं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. सुरू 23:00, शेवट 7:00, वजाबाकी केली की उणे सोळा तास, आणि एक्सेल उणे वेळ दाखवत नाही, चौकोनभर नुसते हॅश येतात. ह्यावर सगळे सांगतात ते मॉड, वजाबाकी मॉडमध्ये घालून भाजक 1 द्यायचा, कारण एक्सेलमध्ये आख्खा दिवस म्हणजे 1, आणि उत्तर बरोबर आठ तास येतं. चांगली युक्ती आहे, पण तिच्यात एक भोक आहे. सकाळी 8 ला आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ला सुटला तर मॉडचं उत्तर शून्य. चोवीस तास ड्युटी आणि हिशोबात शून्य! कुणी म्हणेल असं कधी होतं, तर सांगलीत राहणाऱ्याला हे विचारायची गरज नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेचं पाणी गावात घुसलं, रस्ते बंद झाले, रिलीव्हर पोचायला मार्गच नाही, अशा वेळी साईटवरचा माणूस तिथंच राहतो, माल सोडून जाता येत नाही, एक दिवस नव्हे तर पुढचाही. ज्यानं पाण्यात उभं राहून दुसऱ्याचा माल राखला त्याचे तास फॉर्म्युल्यात गायब व्हावेत हे मला मनापासून खटकतं. म्हणून झालेल्या ड्युटीच्या ओळीत नुसती वेळ ठेवायची नाही, सुरूची तारीख आणि वेळ, शेवटची तारीख आणि वेळ, दोन्ही पूर्ण. मग साधी वजाबाकी पुरते, 24 असो की 36, आहे तेवढं निघतं. तास काढायला मॉड फक्त शिफ्ट मास्टरमध्ये वापरते.

नाईटचा दुसरा प्रश्न, ते तास कुठल्या दिवसाचे. 31 ऑक्टोबरच्या रात्री 11 ला आला, 1 नोव्हेंबरला सकाळी 7 ला गेला. मध्यरात्रीला तोडलं तर एक तास ऑक्टोबरचा आणि सात नोव्हेंबरचे. काही जण असं तोडतात, काही सगळे आठ तास सकाळच्या तारखेला लावतात. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टात ह्याच्यासाठी कलम 57 होतं, त्यात सांगितलं होतं की शिफ्ट मध्यरात्रीच्या पुढं गेली तर मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसातच धरायचे. म्हणजे ज्या तारखेला ड्युटी सुरू झाली तिच्याच नावावर सगळे आठ. मी सगळ्या साईटला हाच एक नियम ठेवलाय, ड्युटी सुरूच्या तारखेची. नियम एकच असला की महिन्याच्या टोकाला भांडण होत नाही.

होत नाही म्हणजे झालंच तर सोडवता येतं. मागं एका साईटवरचे मामा ऑफिसात आले, जतच्या बाजूचे, वय झालंय, पण हिशोबाला पक्के. म्हणाले, "मॅडम, माझ्या चार डबल झाल्यात, साईटच्या रजिस्टरला तीनच लावल्यात न्हवं." मी म्हटलं बसा मामा, बघू या. त्यांच्या कोडावर फिल्टर लावला, ऑक्टोबरच्या सगळ्या ओळी स्क्रीनवर, तारीख, शिफ्ट, सुरू, शेवट, तास. ते खुर्ची पुढं ओढून एकेक ओळ बघत गेले, ओठांतल्या ओठांत मोजत. चौथी डबल 31 तारखेची होती, सेकंडला आले, रात्री रिलीव्हर आला नाही म्हणून नाईटही केली, सकाळी सुटले तेव्हा 1 तारीख लागलेली, आणि रजिस्टरला ती नोव्हेंबरच्या पानावर गेली. माझ्याकडं ती ऑक्टोबरातच होती. "ही बघा, ही," म्हणून त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. एकूण आकडा किती ते त्यांनी नंतर विचारलं, आधी त्यांना आपली ओळ दिसायला हवी होती. उभ्या टेबलाचा मला वाटणारा खरा उपयोग हाच आहे. बेरीज काय, कॅल्क्युलेटरवरही होते, पण ज्याचे तास आहेत त्याला ते एकेक करून तपासता आले पाहिजेत, हा त्याचा हक्क आहे. 208 असा नुसता आकडा पगाराच्या स्लिपवर आला तर तो मान्य करायचा की नाही हे माणूस ठरवणार कशावरून?

पुढं, ठरलेलं आणि झालेलं ह्यातला फरक. रजा, बदली ड्युटी, डबल, उशिरा आला, लवकर गेला, हे सगळं पॅटर्नमध्ये हात घालून दुरुस्त करायचं नाही. त्याला वेगळं टेबल, आमच्याकडं त्याला बदलाचं शीट म्हणतात. कोड, तारीख, ठरलेली शिफ्ट, झालेली सुरू-शेवट, कारण. मग पॅटर्नवरून तयार झालेल्या ओळींपैकी ज्यांचा कोड, तारीख आणि शिफ्ट ह्या शीटमध्ये सापडते त्या काढायच्या, पॉवर क्वेरीत मर्ज करताना लेफ्ट अँटी निवडलं की नेमकं हेच होतं, आणि त्यांच्या जागी बदलाच्या ओळी अपेंड करायच्या. डबलमधली जादा ड्युटी पॅटर्नमध्ये नसतेच, तिला ठरलेली शिफ्ट रिकामी ठेवायची, ती नुसती वाढते. दोघांनी आपसात ड्युटी बदलली तर ह्याची एक जाते एक येते, त्याची एक जाते एक येते, चारही नोंदी राहतात. मूळ पॅटर्न शाबूत राहतो, आणि कधीही बघता येतं की ठरलं काय होतं आणि झालं काय. साईट सुपरवायझरांना मी सांगून ठेवलंय की व्हॉट्सॲपला लांबलचक मेसेज नको, कोड, तारीख, आला किती वाजता, गेला किती वाजता, कारण, ह्याच क्रमानं एका ओळीत पाठवा. आता तसंच पाठवतात, आणि ते सरळ शीटमध्ये जातं.

सुट्ट्यांना पण एक कॉलम हवा, ड्युटीचा प्रकार म्हणून. काम, पगारी सुट्टी, रजा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर ह्या पगारी सुट्ट्या ठरलेल्या आहेत. 2025 ला 2 ऑक्टोबर गुरुवारी आला, दसराही त्याच दिवशी. वरच्या माणसाचे 208 त्यात हा गुरुवार धरून आहेत. त्यानं त्या दिवशी सुट्टी घेतली असेल तर काम 200 आणि पगारी सुट्टी 8, पगाराला दोन्ही मिळून 208, पण ओव्हरटाईम मोजायला फक्त 200 घ्यायचे. दोन्ही एकाच आकड्यात असले की हे सुटं करता येत नाही.

बेरजेपाशी आलो की एक्सेल अजून एकदा फसवतं. 208 तासांची बेरीज केली की 16:00 दिसतं. कारण साधा वेळेचा फॉरमॅट चोवीस तास झाले की परत शून्यापासून सुरू होतो, 208 मधून आठ आख्खे दिवस म्हणजे 192 तास बाजूला गेले, उरले सोळा. आतला आकडा बरोबर असतो, दाखवणं चुकीचं असतं. कस्टम फॉरमॅटमध्ये तासाचा एच चौकोनी कंसात घातला की 208:00 दिसतं. आणि पगाराच्या दरानं गुणायचं असेल तर आधी 24 नं गुणून साधा दशांश आकडा करून घ्यायचा, नाहीतर 8.67 गुणिले दर असा विचित्र पगार निघतो. हाताने लिहिणाऱ्यांसाठी अजून एक, 7 तास 45 मिनिटं म्हणजे 7.45 नव्हे, 7.75. रोजच्या ड्युटीला हा 0.30 चा फरक, 26 ड्युट्यांत 7.8 तास, म्हणजे जवळजवळ एक दिवसाचा पगार नुसत्या टिंबापायी जातो.

आठवड्याचे तास काढायला मात्र महिन्याची टॅब आडवी येते. 27 ऑक्टोबर 2025 चा सोमवार ते 2 नोव्हेंबरचा रविवार हा एक आठवडा दोन महिन्यांत सांडलेला. ऑक्टोबरची टॅब वेगळी, नोव्हेंबरची वेगळी असली तर तो आठवडा कुठंच पूर्ण दिसत नाही, आणि 48 तासांच्या वरचं काम नेमकं अशा आठवड्यातच लपतं. म्हणून वर्षभराचं एकच टेबल, महिना आणि आठवडा हे नुसते दोन कॉलम. आठवडा कुठून सुरू करायचा हेही आधी ठरवा. फॅक्टरी ॲक्टात आठवडा शनिवारच्या मध्यरात्रीपासून धरला होता, म्हणजे रविवारपासून, आणि आपण सगळे सवयीनं सोमवारपासून मोजतो, दोन्हींत ओव्हरटाईमचा आकडा वेगळा येऊ शकतो. मर्यादा किती, दर किती हे मी इथं सांगत नाही, 2025 मध्ये चार नवे लेबर कोड लागू झालेत, आपापल्या कन्सल्टंटला आत्ताचं काय ते विचारून घ्या आणि तो आकडा फॉर्म्युल्यात कोंबू नका, एका चौकोनात वेगळा ठेवा, बदलला की एकाच जागी बदलता येतो.

हे सगळं एकदा बसलं की शेवटचं काम पाच मिनिटांचं, पिव्होट टेबल, ओळीत माणूस, कॉलममध्ये ड्युटीचा प्रकार, आत तासांची बेरीज. पण मी पिव्होटच्या आधी दोन गोष्टी नेहमी तपासते. एकाच माणसाच्या दोन ओळी एकमेकींवर चढत तर नाहीत ना, म्हणजे पहिलीचा शेवट दुसरीच्या सुरूच्या पुढं गेलेला, तसं असेल तर माणूस एकाच वेळी दोन साईटवर उभा आहे असा अर्थ होतो आणि कुठंतरी बदलाची नोंद राहिलेली असते. आणि दोन ड्युट्यांच्या मधी विश्रांती किती मिळाली. हे दुसरं कुणी मागत नाही, पगाराला लागत नाही, तरी मी काढते, कारण टेबल उभं असलं की ते फुकटात निघतं आणि नाईट करून आलेल्या माणसाला परत दुपारी 3 ला लावलंय हे दिसलं की ड्युटी लावणाऱ्या साहेबांना सांगता येतं. दोन-तीन ठिकाणी त्यांनी पॅटर्न बदललाही.

पगाराच्या आधी प्रत्येकाला त्याच्या ओळींची प्रिंट जाते, ए फोरच्या अर्ध्या कागदावर महिना आरामात बसतो, वर कोड आणि साईट, खाली एकूण, मधी तारीखवार ड्युट्या. काही सांगायचं असेल तर 3 तारखेपर्यंत सांगा म्हणते, मग पगार लॉक. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सुपरवायझर वाचून दाखवतो, नाहीतर मुलगी-मुलगा फोन करतात, "आमच्या पप्पांच्या 12 तारखेला ऑफ लागलाय पण ते गेले होते," आणि ते बहुतेक वेळा खरंच असतं.

सध्या गाळप हंगामाची एक साईट नवीन येतेय, साखर कारखान्याचं काम, तिन्ही शिफ्ट, फिरतं चक्र. त्यांच्या पॅटर्नच्या ओळी भरायला घेतल्यात, पासूनमध्ये बॉयलर पेटण्याची तारीख टाकलीय, पर्यंत रिकामं ठेवलंय, ऊस किती दिवस पुरतो त्यावर ते भरायचं.